पाहून कळवळा आला : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळची बरीच पत्रे एकाच गाठीभोवती फिरत आहेत. स्वतःकडे पाहिले की घृणा वाटते, दुसऱ्याकडे पाहिले की संताप येतो, आणि आपण तर ख्रिस्ताचे म्हणवतो. त्यातली सात पत्रे एकत्र घेतली आहेत. नावे गाळली आहेत.

आधी एका शब्दाबद्दल. शुभवर्तमानांत येशूच्या दयेसाठी जे ग्रीक क्रियापद वारंवार येते, ते ‘स्प्लांख्ना’ म्हणजे आतडी या शब्दावरून झाले आहे. आपण मराठीत आतडे तुटते म्हणतो, पोटात कालवते म्हणतो, तेच हे. मराठी बायबलने त्यासाठी ‘कळवळा’ हा शब्द घेतला. तुकोबांनी आईच्या मायेला ‘कळवळ्याची जाती’ म्हटले, तोच हा कळवळा. आता ही चार वाक्ये शेजारी ठेवून वाचा: नाईन गावची विधवा (लूक ७:१३), रस्त्यावरचा जखमी (लूक १०:३३), घरी परतणारा मुलगा (लूक १५:२०), मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखा जमाव (मत्तय ९:३६). चारही ठिकाणी आधी ‘पाहिले’ येते आणि मग कळवळा. भावना कुणी हुकमाने आणू शकत नाही. पाहायला मात्र शिकता येते. खालची उत्तरे या पाहण्याविषयीच आहेत.

प्रश्न : मी शिक्षिका आहे, दोन मुलांची आई. रोज रात्री अंथरुणावर पडले की दिवसभराच्या चुका आठवून देवाची क्षमा मागते. गेले काही महिने त्याचा शेवट रडण्यातच होतो. मी आई म्हणून, ख्रिस्ती म्हणून नालायक आहे असे वाटत राहते. हा पश्चात्ताप आहे का?

ताई, दिवसाचा देवासमोर आढावा घेण्याच्या प्रार्थनेला विवेकपरीक्षण म्हणतात. तुम्ही त्यातला एकच टप्पा करता आहात, आणि तोही थकलेल्या डोक्याने, अंधारात, आडवे पडून. संत इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांनी या प्रार्थनेचे पाच टप्पे सांगितले. त्यांचा क्रम बदलला की प्रार्थनेची उलटतपासणी होते.

वेळ बदला. रात्रीच्या जेवणाआधी किंवा लगेच नंतर, खुर्चीवर बसून, पंधरा मिनिटे. पहिली तीन-चार मिनिटे आभार, आणि तेही नेमके. ‘कुटुंबासाठी आभार’ एवढे पुरत नाही. ‘तिसरीतला तो मुलगा आज न अडखळता एक परिच्छेद वाचू शकला’, असे तीन प्रसंग आठवा. मग एक मिनिट प्रकाश मागा: प्रभू, तू पाहतोस तसा हा दिवस मला पाहू दे. हा टप्पा सर्वांत छोटा आहे आणि सर्वांत जास्त वगळला जातो. तो वगळला की पाहणारे डोळे आपलेच राहतात. तिसऱ्या टप्प्यात उठल्यापासून तासातासाने दिवस फिरवून पाहा: विचार, बोलणे, कृती. पाच-सहा मिनिटे पुरेत. जिथे प्रेमाने वागलात तिथेही थांबा. चौथा टप्पा क्षमेचा. जे सर्वांत जास्त टोचले ते एकच घ्या. पाचव्यात उद्यासाठी एकच गोष्ट ठरवा, वेळ आणि जागेसकट. शेवटी ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणा आणि उठा.

सर्वांत जास्त घोळ चौथ्या टप्प्यात होतो. ‘मी वाईट आई आहे’ याची क्षमा मागताच येत नाही, कारण ते पाप नाही, निवाडा आहे. प्रेषित पौल तर स्वतःचा निवाडा करण्याचा अधिकार स्वतःलाही देत नाही (१ करिंथ ४:३). ‘संध्याकाळी सातला गृहपाठावरून धाकट्याला धपाटा घातला’ याची मात्र क्षमा मागता येते, देवाकडेही आणि धाकट्याकडेही. शिक्का सोडा, कृती धरा. उद्याचा टप्पा मग आपोआप सुचतो: सात वाजता गृहपाठाला बसण्याआधी स्वतः चहा घ्यायचा, दहा मिनिटे टेकायचे.

पौल दोन प्रकारचे दुःख वेगळे करतो (२ करिंथ ७:१०). व्यवहारात ते असे ओळखा. पश्चात्तापाला प्रसंग असतो, माणूस असतो आणि पुढचे पाऊल असते. स्वतःला दोषी ठरवणे ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘सगळे’ अशा शब्दांत बोलते आणि पुढचे पाऊल सांगतच नाही.

आणखी एक, आणि हे कृपया हलक्यात घेऊ नका. दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज उदास वाटत असेल, झोप किंवा भूक बदलली असेल, कशातच रस उरला नसेल, तर डॉक्टरांना भेटा. मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी घरातल्या कुणाला तरी सांगा आणि टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सेवा विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून ‘आता पुरे’ म्हणत मरण मागतो. देव त्याला उपदेश करत नाही. झोप, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर, पाणी. पुन्हा झोप, पुन्हा भाकर. बोलणे होते ते त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, होरेब डोंगरावर. मदत घेण्याने विश्वास कमी पडत नाही.

प्रश्न : मी कॉलेजात शिकतो. पापनिवेदन करून बाहेर आलो की शंका येते: सगळे सांगितले का, नीट सांगितले का? मनात घाणेरडे विचार आपोआप येतात. एका आठवड्यात तीन वेगवेगळ्या धर्मगुरूंकडे जाऊन आलो.

हा त्रास जुना आहे आणि तो मोठमोठ्यांना झाला आहे. १५२२–२३ मध्ये स्पेनमधल्या मानरेसा गावी इग्नेशियस यांनाच अशा शंकांनी ग्रासले होते. जुनी पापे पुन्हा पुन्हा सांगूनही मन निवेना. जीव देण्याचा विचार येण्यापर्यंत मजल गेली. त्यांनी आठवडाभर अन्न सोडले, तेव्हा पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी ते सोडायला लावले. पुढे त्यांनी भूतकाळातली पापे पुन्हा न सांगण्याचे ठरवले, आणि तिथून सुटका सुरू झाली.

ख्रिस्तसभेची (कॅथलिक चर्चची) शिकवण तुमच्या भीतीपेक्षा सौम्य आहे. गंभीर पापाला तीन गोष्टी लागतात: बाब गंभीर असणे, ती तशी आहे हे पूर्ण माहीत असणे, आणि जाणूनबुजून संमती. नको असताना डोक्यात घुसलेल्या विचाराला संमती नसते. प्रामाणिकपणे तपासणी करूनही एखादे पाप सांगायचे राहून गेले, तर तेही बाकीच्यांबरोबर क्षमा झालेले असते.

आता उपाय. एकच धर्मगुरू ठरवा, त्यांना हा त्रास सुरुवातीलाच सांगा आणि किती दिवसांनी यायचे ते त्यांना ठरवू द्या. मधल्या काळात शंका आली तरी जायचे नाही, मित्राला विचारायचे नाही, इंटरनेटवर शोधायचे नाही. खात्री करून घेतली की तासभर बरे वाटते आणि मग शंका दुप्पट होऊन येते. खात्री हेच तिचे खाद्य आहे. न जाता राहिलात तर पहिले काही दिवस जीव कासावीस होईल. ती कासाविशी चढते आणि आपली आपण उतरते. ती उतरताना अनुभवणे हाच उपचार.

पुन्हा पुन्हा हात धुणे, मोजणे, तपासणे हेही असेल, तर आपल्याकडे ज्याला मंत्रचळ म्हणतात तो हा आजार असू शकतो. त्यावर औषधे आहेत आणि खास समुपदेशन आहे. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. उत्तम धर्मगुरूही तुम्हाला तेच सांगतील.

प्रश्न : ‘स्वतःला नाकारावे’ (मार्क ८:३४) आणि ‘आपल्यासारखी शेजाऱ्यावर प्रीती’ (मार्क १२:३१), दोन्ही कसे जमायचे?

बाराव्या शतकातल्या क्लेअर्व्हूच्या संत बर्नार्ड यांनी प्रेमाच्या चार पायऱ्या सांगितल्या. माणूस आधी स्वतःसाठी स्वतःवर प्रेम करतो, मग स्वतःच्या गरजेपोटी देवावर, मग देवासाठी देवावर. चौथी पायरी म्हणून पुष्कळांना वाटते, ‘स्वतःला विसरणे’. बर्नार्ड तसे म्हणत नाहीत. चौथी पायरी आहे देवासाठी स्वतःवर प्रेम करणे. मधोमध बसलेला ‘मी’ नाकारायचा. देवाने घडवलेला माणूस नाकारायचा नाही, मग तो माणूस आपणच का असेना.

प्रश्न : आमच्या मंडळीत एक बाई आहेत. प्रत्येक सभेत खोचक बोलतात. मी त्यांच्यासाठी प्रार्थना करते, पण त्या समोर आल्या की सगळे विसरते. नजर बदलते कशी?

प्रार्थना चालू ठेवा, पण तिच्याबरोबर वहीसुद्धा घ्या. सात दिवस, रोज एक प्रसंग, तीन रकाने. पहिल्यात फक्त जे कॅमेऱ्यात दिसले असते ते: ‘त्या म्हणाल्या, या वेळी तरी हिशेब वेळेवर मिळेल का.’ दुसऱ्यात मी काय धरले: ‘मला चोर म्हणतात.’ तिसऱ्यात आणखी काय असू शकेल, किमान दोन शक्यता: मागच्या खजिनदाराच्या वेळी त्यांना बोलणी खावी लागली असतील, किंवा त्यांना खरेच हिशेब उशिरा मिळतो. पहिले दोन-तीन दिवस पहिला रकानाच चुकतो. ‘त्या खोचक बोलल्या’ असे तिथे लिहिले जाते. खोचक हा तुमचा अर्थ आहे, तो दुसऱ्या रकान्यात टाका. एवढी एक सवय लागली तरी निम्मे काम झाले.

मग प्रत्यक्ष भेट. इग्नेशियस यांचा एक नियम प्रत्येक मंडळीच्या सभागृहात लावण्यासारखा आहे. दुसऱ्याचे म्हणणे दोषी ठरवण्यापेक्षा त्यातला चांगला अर्थ वाचवण्याची तयारी ठेवावी. वाचवता आला नाही तर त्याला विचारावे, ‘आपल्याला काय म्हणायचे आहे?’ अर्थ खरेच चुकीचा निघाला तर प्रेमाने दुरुस्त करावे. आपण बहुतेक जण मधली पायरी गाळतो. विचारतच नाही. म्हणून पुढच्या सभेआधी पाच मिनिटे, एकट्या, समोरासमोर: ‘बाई, हिशेबाबद्दल तुम्ही म्हणालात, त्यात तुमची अडचण नेमकी काय आहे?’ हे फोनवरच्या मेसेजमधून करू नका. लिहिलेल्या शब्दाला सूर नसतो.

डोळ्यातले कुसळ आणि मुसळ (मत्तय ७:३–५) सगळ्यांना पाठ असते, पण त्याचा शेवट फारसा कुणी वाचत नाही. मुसळ काढल्यावर ‘भावाच्या डोळ्यातले कुसळ काढायला तुला स्पष्ट दिसेल’. म्हणजे कुसळ काढायचेच आहे. डोळा नाजूक असतो, म्हणून आधी हात आणि नजर स्थिर हवी एवढेच. कळवळा म्हणजे चुकीवर पांघरूण घालणे नव्हे.

यात एक सापळा आहे, आणि भल्या माणसांचा पाय त्यात आधी अडकतो. ‘प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं’ असे म्हणून तिच्याबद्दल तिसरीला सांगणे. प्रार्थनेच्या व्हॉट्सअॅप गटात तर हे फार सोपे झाले आहे. देवाला नाव माहीत आहे, गटाला सांगायची गरज नाही.

इजिप्तच्या वाळवंटात चौथ्या शतकात अब्बा मोशे नावाचे साधू राहत होते. एका बंधूच्या चुकीचा न्याय करायला बैठक भरली, तेव्हा ते गळके भांडे पाठीवर घेऊन तिथे गेले. पाणी मागे सांडत होते. माझी पापे अशीच माझ्यामागे सांडत आहेत, मला दिसत नाहीत, आणि मी दुसऱ्याचा न्याय करायला आलो आहे, असे ते म्हणाले. बैठकीने त्या बंधूला क्षमा केली.

प्रश्न : वडील मृत्युपत्र न करता गेले. घरात आई, एक भाऊ आणि आम्ही दोघी विवाहित बहिणी. भाऊ हक्कसोडपत्रावर सही मागतो आहे. नाही म्हटले तर घर तुटेल. ख्रिस्ती बहिणीने सही करून टाकावी का?

ताई, आधी आकडे पाहू, म्हणजे काय सोडायचे किंवा ठेवायचे ते कळेल. ख्रिस्ती कुटुंबाला भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू होतो. (गोव्यात कायदा वेगळा आहे.) मृत्युपत्र नसेल आणि पत्नी व मुले मागे असतील, तर पत्नीला एक तृतीयांश, उरलेले दोन तृतीयांश मुलांना सारखे, मुलगा-मुलगी भेद न करता. तुमच्या घरात आईला एक तृतीयांश, तुम्हा तिघांना प्रत्येकी दोन नवमांश. वडील गुंठाभर जरी ठेवून गेले असले तरी हाच हिशेब.

बायबल याबाबत गप्प नाही. सलाफहादच्या पाच मुली मोशेसमोर, साऱ्या मंडळीसमोर उभ्या राहून वडिलांच्या वतनात वाटा मागतात. देव म्हणतो, त्यांचे म्हणणे बरोबर आहे (गणना २७:७). मागणे म्हणजे लोभ, असे तिथे कुणी म्हणत नाही.

तुम्हाला खरेच मनापासून वाटा द्यायचा असेल तर द्या, ते सुंदर दान होईल. पण घर तुटेल या भीतीने केलेली सही दान नसते. ती पुढे वर्षानुवर्षे आत कुजत राहते, आणि मग भावाकडे प्रेमाने पाहणे अधिकच अवघड होते. म्हणून समोर कागद आला त्या दिवशी सही करू नका. प्रत घरी आणा. भावाच्या नव्हे, तुम्ही निवडलेल्या वकिलाकडून वाचून घ्या. नोंदणी झालेले हक्कसोडपत्र नंतर रद्द करून घेणे फार कठीण जाते. आईचा वाटा आणि तिचे राहते घर आधी निश्चित करा, ते या कागदात गिळले जात नाही ना ते पाहा.

मग भावाकडे पाहा, नीट. वडिलांचा दवाखाना कुणी केला? कर्ज आहे का? आईला रोज कोण सांभाळते? त्याने खर्च केला असेल तर तो आकड्यांत मांडा आणि वाटणीत धरा. त्याच्या वागण्याचा राग आणि त्याच्या कष्टांची जाणीव, दोन्ही एकाच कागदावर येऊ शकतात. बोलणी अडली तर पौलाचा सल्ला आहे की बंधूंचा वाद मिटवणारा शहाणा माणूस आपल्यातच शोधा (१ करिंथ ६:५). धर्मग्रामातील, म्हणजे आपल्या चर्चच्या परिसरातील, एखादी जाणती व्यक्ती मध्ये घाला, मात्र ती दोन्ही बाजूंना मान्य हवी. तिथेही मिटले नाही तर कायद्याने वाटणी मागण्यात पाप नाही. आईच्या जेवणाच्या टेबलावर मात्र हा विषय काढू नका.

प्रश्न : सासूबाईंना स्मृतिभ्रंश आहे. चार वर्षे मी एकटीच करते. हल्ली त्यांच्यावर ओरडते, मग लाज वाटते. दया संपते का?

दया संपत नाही, अंग थकते. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट, म्हणजे रस्त्यावरच्या त्या जखमी अनोळख्याला मदत करणाऱ्या परक्याची, हिशेब म्हणून वाचून पाहा. यरुशलेमहून यरीहोपर्यंतची ती वाट सुमारे २७ किलोमीटरची, जवळजवळ हजार मीटर उताराची. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस घातला, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवले, उतारशाळेत नेले, रात्रभर पाहिले. दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार दिले, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, आणि सांगितले, जास्त लागले तर परत येताना देईन. मग तो आपल्या वाटेने गेला. काम त्याने दुसऱ्याच्या हाती सोपवले, पैसे मोजले आणि परत येण्याची वेळ ठेवली. येशूने कळवळ्याचा नमुना म्हणून हाच माणूस दाखवला.

तुमच्या घरात उतारशाळेचा मालक कोण आहे? नवरा, दीर, नणंद, धर्मग्रामातला गट, पगारी बाई. आठवड्यातला एक ठरलेला दिवस, चार तास, त्यांच्याकडे. ‘कधीतरी या’ म्हटले की कुणी येत नाही. ‘दर शनिवारी दुपारी दोन ते सहा’ म्हणा. सासूबाई तोच प्रश्न दहा वेळा विचारतात तेव्हा आठवण करून देऊ नका, वाद घालू नका. छोटे उत्तर द्या आणि हातात काम द्या: शेंगा सोलणे, कपड्यांच्या घड्या. ओरडून झाले तर खोलीबाहेर जाऊन दोन मिनिटांनी परत या आणि हात धरा. प्रसंग त्या विसरतील, पण घाबरल्याची भावना त्यांच्यात रेंगाळते, आणि धरलेला हातही त्यांना कळतो.

प्रश्न : आखातात नोकरी करतो. वडील शेवटचे आजारी होते तेव्हा रजा मिळत असूनही ‘पुढच्या महिन्यात जाऊ’ म्हणून राहिलो. ते गेले. पापनिवेदन केले, क्षमा मिळाली, पण स्वतःला माफ करता येत नाही. आई गावी एकटी आहे.

भाऊ, स्वतःला माफ करा अशी आज्ञा बायबलात कुठेच नाही. तुमच्यावर ते ओझे कुणी टाकलेले नाही. क्षमा आपण घडवत नाही, घेतो. ‘आपले अंतःकरण आपल्याला दोषी ठरवत असले तरी देव आपल्या अंतःकरणापेक्षा मोठा आहे’ (१ योहान ३:२०). तुमचे मन तुम्हाला अजून दोष देईल. त्याचा आवाज बंद होण्याची वाट न पाहता पुढे चालता येते.

येशूचा शिष्य पेत्र याच्याकडे पाहा. नव्या करारात कोळशाच्या विस्तवासाठीचा ग्रीक शब्द दोनदाच येतो, दोन्ही वेळा योहानात. पहिला विस्तव प्रमुख याजकाच्या अंगणातला, जिथे शेकत उभ्या असलेल्या पेत्राने येशूला नाकारले (१८:१८). दुसरा तिबिर्याच्या सरोवराच्या काठी येशूने पेटवलेला (२१:९), त्यावर मासळी आणि भाकर. येशू आधी म्हणतो, या, न्याहारी करा. पोट भरल्यावर तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? त्या रात्री असे का केलेस, हे एकदाही विचारत नाही. आणि प्रत्येक उत्तरानंतर काम देतो: माझी कोकरे चार, माझी मेंढरे पाळ.

तुमच्या त्या महिन्याचे असे करा. वडिलांना एक पत्र लिहा, एकाच पानाचे, कारणे न देता: काय केले नाही, त्याने त्यांना काय सोसावे लागले, आज काय वाटते. प्रार्थनेत ते एकदा वाचा आणि ठेवून द्या. रोज वाचू नका, रोज वाचले की ती जखम खाजवणे होते. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, त्यांच्या नावे मिस्सा सांगा. आईला फोन ठरलेल्या वेळी करा, आठवड्यातून तीन दिवस, आणि त्यात वडिलांचे नाव टाळू नका. तिलाही ते बोलायचे असेल, तुम्हाला त्रास होईल म्हणून ती गप्प असेल. पुढच्या रजेचे तिकीट आत्ताच काढा. कबरीवर एकटे जाऊ नका, आईला बरोबर घ्या. आणि निघण्याआधी, घरीच, तिच्याबरोबर बसून न्याहारी करा.